खाडीपासून सड्यापर्यंत : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात कोकणातल्या जमिनींबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळ्यांना जागा देणं शक्यच नाही. जे प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांनी विचारलेत ते निवडलेत. वाचताना एक जाणवलं, प्रत्येकजण आपल्या गटापुरतं विचारतोय, माझं शेत, माझा प्लॉट, माझी विहीर. पण आपल्याकडे सह्याद्री ते समुद्र हे अंतरच एवढं कमी आहे की वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या मोकळ्या कातळपठारावर, काही केलं तर त्याचा परिणाम खालच्या मळ्यात आणि त्याच्याही खाली खाडीच्या बांधापर्यंत पोचतो. त्यामुळे काही उत्तरं एकमेकांत गुंतलीत, जमलं तर सगळीच वाचा.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची खाडीलगत अडीच एकर खार (बांध घालून खाडीतून काढलेली भातजमीन) आहे. बाहेरच्या बांधाला तीन वर्षांपूर्वी उधाणात खांड (भगदाड) गेली ती अजून कोणी बुजवली नाही, अर्ज देऊन झाले. आता भरतीचं पाणी थेट शेतात येतं, भात बंद आहे आणि गेल्या वर्षापासून तिवरं (कांदळवनाची झाडं) उगवायला लागलीत. शेजारी म्हणतात आत्ताच तोड, मोठी झाली की जमीन गेली समज. एकजण कोळंबीसाठी भाड्याने मागतोय. जमीन परत भाताला येईल का?
(एक शेतकरी, पेण तालुका)

उत्तर : येईल. हे आधी सांगून टाकते कारण तुमच्या पत्रात शेवटी शेवटी जी हताशा आलीय ती वाचून वाईट वाटलं. समुद्राचं पाणी शिरलं म्हणजे जमीन मेली असं नसतं, अख्खा खारेपाट असाच खाडीतून काढलेला आहे, बांध घालून आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन. पण क्रम चुकला तर पैसा वाया जातो म्हणून क्रमाने सांगते.

पहिला बांध. खांड उघडी असताना आत काहीही करू नका, ना नांगरट ना खत, सगळं पाण्यात जाईल. खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास जेव्हा भरती फार चढत नाही तेव्हा, आणि पुढच्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या आत ती बसली पाहिजे. जुने लोक हे सगळं तिथीवर चालवायचे, आणि एकट्या-दुकट्याने नाही, घरटी माणूस यायचा. आता ते होत नाही हे मला माहितीये, अर्धं गाव कंपनीत कामाला जातं आणि जेसीबी चिखलात उतरत नाही. म्हणून तुमच्या बांधाचं स्टेटस आधी काढा. तो शासकीय खारभूमी योजनेत आहे की खाजगी योजनेत? १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाखाली शासनाने घेतलेल्या योजनांचे बांध आणि उघाड्या (बांधातले पाणी सोडायचे झडपेचे दरवाजे) खारभूमी विभागाने सांभाळायच्या असतात. खाजगी असेल तर तो शासनाकडे घ्यायचा प्रस्ताव सगळ्या खातेदारांनी मिळून द्यावा लागेल. एकट्याचा अर्ज आणि चाळीस खातेदारांच्या सह्यांचा ग्रामसभेचा ठराव यात ऑफिसात फार फरक पडतो.

दुसरी उघाडी. बांध नुसता भिंत म्हणून उपयोगाचा नाही, आतलं पाणी बाहेर जायला वाट लागते. तुमच्याकडची उघाडी कधी ओहोटीच्या वेळी जवळ जाऊन बघितलीय का? झडप बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला खाडीचं पाणी खाली गेलं की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरती चढायला लागली की तेच खाडीचं पाणी बाहेरून दाबून तिला बंद करतं. ना वीज ना माणूस. पण झडपेत एक लाकडाचा ओंडका नाहीतर प्लॅस्टिकचा गठ्ठा अडकला की दिवसातून दोन भरत्या आत येतात आणि हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत शेतं पांढरी पडलेली असतात. बांधातली खेकड्यांची बिळंही तशीच, बोटाएवढ्या बिळातून सुरू होतं आणि एका उधाणात खांड पडते. पावसाळ्याआधी बांधावरून एक चक्कर मारून ही बिळं मातीने ठोकून घेणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि तेच हल्ली कोणी करत नाही.

बांध झाला की मीठ धुवायचं काम पाऊस करतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी शेतात कोंडून ठेवा, दोन-चार दिवसांनी ओहोटी बघून सोडून द्या, परत भरू द्या, परत सोडा. शेताच्या कडेने चर काढलेला असेल तर मीठ लवकर निघतं. मे महिन्यात माती तपासायला द्या आणि परत ऑगस्टमध्ये द्या, दोन्हीची विद्युतवाहकता बघा, मातीत मीठ किती ते तिच्यावरून कळतं. ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आकडा असेल तर ती जमीन क्षारयुक्त धरतात, मे मधला आकडा बघून घाबरू नका कारण उन्हाळ्यात मीठ वर येतंच, ऑगस्टचा आकडा भाताचं भविष्य सांगतो. बहुधा दोन-तीन पावसाळ्यांत जमीन ठिकाणावर येते. पहिल्या वर्षी मोठ्या अपेक्षा ठेवू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, त्यांच्या पनवेल १, २, ३ या जाती मीठ सहन करणाऱ्या आहेत, बी तिकडूनच घ्या. तुमच्या आजोबांच्या वेळच्या काळा रता, भुरा रता या जाती कोणाच्या कणगीत राहिल्या असतील तर त्याही सोडू नका. लावणी करणार असाल तर जरा जास्त दिवसांची रोपं घ्या आणि चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, नेहमीपेक्षा जास्त काड्या ठेवा, नाहीतर तुमच्याकडची रहूची पद्धत आहेच, मोड आलेलं बी फोकायचं, पण ते मीठ धुतल्यानंतरच. आणि कापणी झाली की ओल आहे तोवर नांगरून टाका, जमीन तशीच तापू दिली तर खालचं मीठ वर चढतं.

आता तिवरांचं. तोडू नका. शेजाऱ्यांचं म्हणणं मला कळतं, ज्याच्या बापजाद्यांनी भात पिकवलं त्याच्या शेतात दुसऱ्याच्या दिरंगाईने झाड उगवलं आणि आता त्याच झाडामुळे तो शेतात जाऊ शकत नाही, हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणेन. पण मुंबई उच्च न्यायालयाने आधी २००५ मध्ये आणि मग सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन तोडायला बंदी केलीय, जमीन खाजगी असली तरी ती लागू आहे, वर भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखीव धरतात. तोडलं तर गुन्हा तुमच्यावर आणि बांध न दुरुस्त करणारा मोकळा. त्यापेक्षा आजच तारखेसह फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या की जमीन भातशेतीची आहे, खांड अमुक तारखेला गेली, पाणी तिथून येतंय आणि रोपं त्यानंतरची आहेत. जुन्या सातबाऱ्यातल्या भाताच्या नोंदी जोडा. ही फाईल कलेक्टर ऑफिस आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष दोन्हीकडे द्या. वेळ लागेल. पण कागद नसेल तर पुढे पाच वर्षांनी तिथे शेत होतं हे सिद्ध करणंसुद्धा कठीण होतं. आणि खांडीच्या बाहेर, बांधाच्या खाडीकडच्या अंगाला जी तिवरं आणि चिप्या आहेत त्यांना तर अजिबात हात लावू देऊ नका, लाटेचा पहिला मार तीच झेलतात, ती गेली की तुमचा नवीन बांधही टिकणार नाही.

कोळंबीचं म्हणाल तर किनारी मत्स्यशेतीला २००५ च्या कायद्याने नोंदणी लागते, भाडेकरू ती दाखवतो का बघा. नोंदणी असली तरी मी नको म्हणेन, कारण खारं पाणी वर्षभर कोंडलं की ते बाजूच्या शेतात झिरपतं आणि शेजाऱ्याचं भातही जातं. त्याऐवजी भात लागल्यावर घराजवळ एक गोड्या पाण्याचं तळं काढून जिताडा मासा सोडा. पेण-अलिबागकडे ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तुम्हाला मी नव्याने काय सांगणार. ज्या खारेपाटातल्या कुळांनी अलिबागजवळच्या चरीच्या शेतकरी संपात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची शेतं कसली नाहीत, उपास काढले पण मागे हटले नाहीत, त्या मुलखात आता बांध नाही म्हणून शेतं ओस पडावीत हे मला बघवत नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयटीमध्ये आहे. राजापूरच्या बाजूला सड्यावर दीड एकर स्वस्तात मिळतोय. पूर्ण मोकळा कातळ आहे, झाड नाही, शेती नाही, समुद्र दिसतो. एजंट म्हणतो पडीक जमीन आहे, काही कटकट नाही. थोडा कातळ फोडून माती टाकून हापूस लावायचा आणि छोटं घर बांधायचं असा प्लॅन आहे. कशाकशाची काळजी घ्यावी?
(वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये जागा बघितलीत. एकदा जूनच्या शेवटी जा, मग सप्टेंबरमध्ये जा, मग ठरवा. पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर दिपकाडी फुलते, पांढरीशुभ्र, ही कोकणातल्या सड्यांवरची आणि जगात इतरत्र न मिळणारी वनस्पती आहे. पुढे सीतेची आसवं, गेंद असं करत श्रावण-भाद्रपदात अख्खा सडा रंगतो. खळग्यांत पाणी साठतं, त्यात बेडूक अंडी घालतात, जिथे वीतभर माती आहे तिथे गावातलं कोणीतरी नाचणी नाहीतर भात करत असतं, आणि पाऊस संपला की गवत कापून गुरांसाठी नेतात. कागदावर पडीक लिहिलं म्हणून वापरात नाही असं समजू नका. तुम्ही कुंपण घातलं की पहिला वाद गुरांच्या वाटेवरूनच होणार आहे.

दुसरं म्हणजे पाणी. जांभा हा भोकाभोकाचा दगड आहे, सड्यावर पडलेला पाऊस त्यातून आत मुरतो, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतो आणि आडवा सरकत डोंगराच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतो. खालच्या वाडीची विहीर, पोफळी, देवळाजवळचं तळं, हे सगळं त्या झऱ्यावर. वर ब्रेकर लावून कातळ फोडला, बाहेरून ट्रकने माती आणून टाकली, खत-औषधं मारली की खालच्या झऱ्याचं काय होतं याचा विचार सड्यावर प्लॉट पाडणाऱ्यांपैकी किती जण करतात मला शंका आहे. कातळावरचा आंबा होतो, नाही असं नाही, सुरुंगाने खड्डे करून केलेल्या बागा आहेत. पण त्यांना टँकरने पाणी घालावं लागतं आणि ते पाणी कुठून येतं तर खालच्याच विहिरीतून.

तिसरं कातळशिल्पं. राजापूर, लांजा, रत्नागिरी या पट्ट्यात सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत, कशेळीचा हत्ती, बारसू, देवाचं गोठणं, ही नावं तुम्ही ऐकली असतील, २०२२ मध्ये यातली काही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेलीत. अजून नवीन सापडतायत, कारण ती मातीच्या पातळ थराखाली गवतात झाकलेली असतात. जागा घेण्याआधी गावातल्या जुन्या गुराख्याला बरोबर घेऊन सगळा दीड एकर पायी फिरा. त्याला माहीत असतं कुठे काय कोरलंय.

आणि कागद. तुमच्या नावावर आधीची शेतजमीन नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेता येत नाही, एजंटने हे सांगितलं नसेल तर तिथेच थांबा. सातबाऱ्यात पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती, इतर हक्कात कोणाची नावं, खाजगी वनाचा शेरा आहे का, सामाईक हिस्सेदार मुंबईत किती आहेत, हे सगळं बघावं लागेल. माझं मत विचाराल तर सडा सोडा. गावठाणात जुनं घर आणि लगतची थोडी वाडी मिळते का बघा, तिथे पाणी आहे, सावली आहे, शेजार आहे, आणि तुमच्यामुळे एखादं बंद घर उघडेल.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही इतका पाऊस आणि एप्रिलला टँकर. शाळेत मुलं विचारतात की एवढं पाणी जातं कुठे. काय सांगू?
(शिक्षिका, संगमेश्वर तालुका)

उत्तर : मुलांना शाळेजवळच्या पऱ्यावर (ओढ्यावर) न्या, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास नाहीतर त्याहून जास्त पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. सह्याद्रीपासून समुद्र चाळीस-पन्नास किलोमीटरवर, उतार तीव्र, नद्या आखूड. आज घाटमाथ्यावर पडलेलं पाणी थांबवणारं काही मध्ये नसेल तर ते बघता बघता खाडीला लागतं. थांबवणारं काय होतं तर उतारावरचं रान, देवराई, आणि भाताच्या खाचरांचे बांध, एकेक खाचर म्हणजे चार महिने भरलेलं उथळ तळंच की. रान तुटलं आणि खाचरं ओस पडली, मग बोअर मारून काय होणार, मुरलंच नाही तर निघणार कुठून.

चिपळूणचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. कोयनेला वीज तयार झाल्यावर सुमारे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दरवर्षी अवजल म्हणून पश्चिमेकडे सोडलं जातं, ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, आणि त्याच जिल्ह्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं ते तर मुलांनी बघितलेलंच असेल.

शाळेतर्फे करण्यासारखं एक काम आहे. ऑक्टोबरच्या शेवटी, पऱ्याला बारीक धार असतानाच, रिकाम्या गोणत्यांत माती-वाळू भरून कच्चा बंधारा घाला. सिमेंट नको, परवानगीचा घोळ नाही. एकच मोठा घालण्यापेक्षा ओळीने लहान लहान घाला. मार्चमध्ये खालच्या विहिरीची पाण्याची पातळी मुलांना दोरी टाकून मोजायला लावा आणि दरवर्षी भिंतीवर लिहून ठेवा. त्यातून ती जे शिकतील ते पुस्तकात नाही.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, गाव कुडाळ तालुक्यात. वडील गेल्यापासून मळ्यातली भातशेती पडून आहे, माणसं मिळत नाहीत, जी करतात त्यांचं रानडुक्कर आणि माकडं ठेवत नाहीत. भाऊ म्हणतो सगळीकडे काजू लावून टाकू, पाच वर्षांत उत्पन्न सुरू. आईला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?
(चाकरमानी वाचक, परळ)

उत्तर : आईचं बरोबर आहे, पण भावाचंही पूर्ण चूक नाही. काजू लावायचाच तर वरकस जमिनीत, उतारावर लावा, त्याची जागा तीच. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा कोकणातले कितीतरी उघडे डोंगर आंबा-काजूने भरले आणि लोकांच्या हातात पैसा आला हे खरंच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जातींची कलमं तुमच्या जवळच मिळतात. पण मळ्यात काजू नको. तिथे पावसाळाभर पाणी उभं असतं आणि काजूच्या मुळाशी पाणी साचलं की झाड मरतं. मग ते झाड जगवायला लोक काय करतात तर चर खणून पाणी काढून देतात, बांध फोडतात, म्हणजे पिढ्यांनी सपाट करून ठेवलेली जमीन तुम्ही दोन वर्षांत मोडता आणि खालच्या मळेवाल्याच्या शेतात तुमची माती जाऊन बसते.

सगळं करायला जमत नसेल तर थोडं करा. गावात राहणाऱ्या कोणाला अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्याने, द्या, आणि अर्धेली परवडत नसेल तर नुसती कसायला द्या, बांध राखायचे एवढ्याच अटीवर. बरेच चाकरमानी कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, म्हणून घाबरतात, त्यावर साधा लेखी करार आणि पीकपाहणीवर दरवर्षी लक्ष हा उपाय आहे, शेत ओसाड ठेवणं हा उपाय नाही. भातानंतर ओलीवर कुळीथ, चवळी, पावटा घ्या, खर्च कमी आणि घरच्या कुळथाला मुंबईत गिऱ्हाईक भरपूर आहे. पाणी असेल तर वायंगण (उन्हाळी भात) निघतं, पण ते सगळ्या मळ्याने मिळून केलं तरच, एकट्याने केलेलं वायंगण गुरं आणि पाखरंच खातात. डुकरांचं तेच आहे. एकट्या शेताला कुंपण परवडत नाही, पूर्ण मळ्याला एकत्र सौरकुंपण केलं तर खर्च वाटला जातो. गणपतीला सगळे गावात असता ना, आरती झाल्यावर बसा आणि हा एकच विषय घ्या.

प्रश्न : राब भाजणं (भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-फांद्या पसरून जाळणं) बंद करावं का? मुलगा म्हणतो प्रदूषण होतं.
(वाचक, माणगाव, रायगड)

उत्तर : राबाला कारण आहे. दाढीतलं (रोपवाटिकेतलं) तणाचं बी जळतं, राख मिळते, रोप तरारून येतं. अडचण धुरापेक्षा कवळाची, म्हणजे जाळायला तोडलेल्या फांद्यांची, आहे, दरवर्षी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून तोडून डोंगरावर नुसते खुंट उभे राहिलेत. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत राब लागत नाही, रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात आणि शेतात गिरीपुष्पाचा पाला गाडतात. या पावसाळ्यात बांधावर गिरीपुष्पाच्या फांद्या रोवून ठेवा, त्या सहज जगतात. पहिल्या वर्षी अर्धी दाढ भाजा, अर्धी न भाजता गादीवाफ्यावर करा आणि मुलालाच दोन्हीकडची रोपं बघू दे.

प्रश्न : आमचं तिसवाडीत खाजन (बांध घातलेली खारजमीन) आहे. मानशीचा (बांधातल्या पाण्याच्या दरवाजाचा) लिलाव होतो, मासे धरणारा ठेकेदार मानस उघडी ठेवतो, शेतात खारं पाणी येतं. काहीजण म्हणतात भात कशाला, मासेच परवडतात. खाजनात भात आणि मासे दोन्ही कसे काय व्हायचे?
(वाचक, गोवा)

उत्तर : दोन्ही व्हायचे कारण दोन्हीची वेळ वेगळी होती आणि वेळ ठरवणारी गावकारी, म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार बघणारी जुनी संस्था, होती. पावसात मीठ धुतलं जाऊन भात, कोरगुट किंवा आसगो, कापणीनंतर शेतात खारं पाणी घेऊन मासे-कोळंबी, आणि परत पावसाआधी पाणी काढून टाकायचं. आतल्या बाजूला जी पोंय (खोलगट तळं) असते तिच्यात भरतीचं पाणी मावतं, त्यामुळे ते शेतापर्यंत चढत नाही. मानशीवर जाळं लावायचं ते ओहोटीला, आतलं पाणी बाहेर जाताना. तुमचा ठेकेदार भरतीला मानस उघडून मासे आत घेतो, ते सुद्धा भात उभं असताना, गडबड तिथे आहे.

लिलाव कूळ संघटना करते ना? मग लिलावाच्या अटींत लिहा की पावसाळ्यात मानस कोण चालवणार, कोणत्या महिन्यात पाणी घ्यायचं, बांधाला इजा झाली तर अनामतीतून दुरुस्ती. आणि लिलावाच्या पैशातला भाग बांधासाठी आधी बाजूला काढा, उरेल ते वाटा. मासे परवडतात हे आजचं गणित आहे कारण बांध अजून उभा आहे. शेतकरी शेतात उतरेनासा झाला की बांध बघायलाही कोणी जात नाही, आणि बांध गेला की खाजनाची खाडी होते, मग त्या मोकळ्या खाडीतल्या माशांचा लिलाव कोण कसा करणार?

प्रश्न : आमची गुहागरला समुद्राकडची वाडी आहे, नारळ-पोफळी. दोन वर्षांपासून विहिरीचं पाणी मचूळ लागतंय, पोफळीची पानं टोकाला करपतायत. शेजारच्या प्लॉटवर कॉटेजेस झालीत, त्यांनी समुद्र दिसावा म्हणून वाळूची टेकडी सपाट केली. याचा संबंध असेल का?
(वाचक, गुहागर)

उत्तर : दाट शक्यता आहे. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पावसाचं मुरलेलं पाणी हलकं म्हणून वर राहतं. वाळूची टेकडी जितकी उंच तितकं ते पाणी जास्त साठतं आणि समुद्राच्या पाण्याला मागे रेटतं. टेकडी काढली की तो साठा कमी झाला, त्यात बाजूला पंधरा खोल्यांचा उपसा मोटरने सुरू झाला असेल तर खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. जुन्या वाड्यांत रहाट होते, दिवसाकाठी ठराविकच पाणी निघायचं, विहिरीला भरायला रात्र मिळायची.

आधी तुमच्या हातात आहे ते करा. मोटर कमी एचपीची लावा, एकदम उपसू नका, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं काढा. विहीर आणखी खोल करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, खोल गेलात की खाऱ्याच्या जवळ गेलात. पाटाने देताय ते पाणी ठिबकवर घ्या आणि झावळ्या, सोडणं, पालापाचोळा आळ्यात पसरा म्हणजे पाणी कमी लागेल. छपराचं पन्हळीचं पाणी वाळूच्या गाळणीतून विहिरीच्या बाजूला मुरवा. समुद्राच्या बाजूला मर्यादवेल असेल तर ती उपटू देऊ नका, केवडा लावा, ही झाडं वाळू धरून ठेवतात आणि टेकडी हळूहळू परत चढते. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या कशा आडव्या झाल्या ते तुम्ही ऐकलंच असेल, तुमच्या वाडीलाही वाऱ्याचा पहिला अडसर ती टेकडीच होती.

टेकडी सपाट करणं हे सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमात बसत नाही, वाळूच्या टेकड्यांना त्यात संरक्षण आहे. तक्रार तहसीलदारांकडे आणि जिल्हा किनारा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या, सोबत जुने-नवीन फोटो जोडा, मोबाईलवरच्या सॅटेलाईट नकाशात मागच्या वर्षांची चित्रंही मिळतात. आणि तक्रारीच्या आधी एकदा शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. त्यांची विहीरही तुमच्याच पाण्यावर आहे, पाहुण्यांना मचूळ पाणी द्यायची वेळ आता त्यांच्यावरही येतेय. दोघांच्याही विहिरीचं पाणी मे महिन्यात एकाच दिवशी तपासून घ्या आणि रिपोर्ट त्यांना दाखवा.